खोक्यावर किंमत छापता, मग अपडेटची शेवटची तारीख का नाही?

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली

विषय: मोबाईल व संगणकाला सुरक्षा अपडेट कधीपर्यंत मिळणार, ते खोक्यावर छापण्याबाबत.

स.न.वि.वि.

बार्शीच्या एस.टी. स्टँडमागे माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. जोडीला झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका आणि काचेच्या कपाटात वीस-पंचवीस नवे-जुने मोबाईल. १९ वर्षं झाली या धंद्यात. हे पत्र तुमच्या नावाने आहे, पण ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय.

गेल्या महिन्यात वैरागकडचे एक शेतकरी काका दुकानात आले. हातात फोन, पिशवीत त्याचं खोकं आणि खोक्यात माझ्याच दुकानाचं बिल, नीट चौघडी घातलेलं. २०२३ च्या दिवाळी पाडव्याला घेतलेला फोन, ९,४९९ रुपये. बँकेचं ॲप उघडलं की पाटी यायची: तुमच्या फोनची सुरक्षा जुनी झाली आहे, फोन अपडेट करा. काकांनी नातवाकडून सेटिंगमध्ये जाऊन अपडेटचं बटण दाबून घेतलं होतं, एकदा नाही, पाच-सहा वेळा. दर वेळी फोन म्हणायचा, 'तुमची सिस्टीम अद्ययावत आहे.'

मी 'फोनबद्दल' उघडलं. सिक्युरिटी अपडेटपुढे तारीख होती ५ जानेवारी २०२४. मॉडेलची माहिती काढली, तर ते बाजारात आलं होतं २०२१ च्या जानेवारीत आणि कंपनीचं वचन होतं तिथून तीन वर्षं सुरक्षा अपडेट द्यायचं. म्हणजे काकांनी पाडव्याला सीलबंद फोन घेतला तेव्हा त्याचं आयुष्य दोन महिने उरलं होतं. त्यानंतर दोन वर्षं तो त्यांना 'अद्ययावत आहे' असं सांगत राहिला. आता अपडेट येणारच नाही, हे सांगायची सोय कंपनीने त्यात ठेवलीच नव्हती.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी फोनबी खोटं बोलतोय व्हय रं?"

मी मान खाली घातली. विकताना मलाही माहीत नव्हतं. डिस्ट्रिब्युटरने त्या मॉडेलवर दिवाळीचं डिस्काउंट दिलं, मी दहा पीस उचलले. डिस्काउंट कशाबद्दल होतं ते आत्ता कळलं.

मग ते खोकं मी उलटसुलट करून पाहिलं. एमआरपी आहे, बनवल्याचा महिना-वर्ष आहे, कंपनीचा पत्ता आहे, तक्रारीचा फोन नंबर आहे. हे सगळं तुमच्याच विभागाच्या २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांमुळे छापलं जातं, आणि त्याबद्दल दुकानदार म्हणून माझी कधीच तक्रार नव्हती. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही तो कधीपर्यंत खायचा ते छापलेलं असतं. साडेनऊ हजारांच्या वस्तूवर मात्र ती कधीपर्यंत धड चालेल, याचा एक अक्षरही पत्ता नाही. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच आहे. पुढचं लिहितोय ते हे म्हणणं हवेत नाही हे कळावं म्हणून.

आधी माझीच चूक सांगतो. कैक वर्षं मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर हात पडला की पहिलं काम अपडेट बंद करायचं करत होतो. "नेट खातं, बंद करून टाकतो," असं वर ऐटीत सांगायचो. २०१७ साली अक्कल आली. त्या वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोकांनी तो लावला नाही, आणि न लावणाऱ्यांत माझ्यासारख्यांनी 'बंद करून टाकलेले' कितीतरी असणार. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, त्याच भोकाचा फायदा घेणारा दुसरा हल्ला झाला आणि आपल्या मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल थंडावलं. त्या दिवसापासून मी अपडेट चालू ठेवायला सांगतो. पण त्याच हल्ल्याची दुसरी बाजूही गिऱ्हाइकापासून लपवत नाही: तो मुळात पसरला युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. अपडेट न करणारे बुडाले तसे करणारेही बुडाले.

त्यामुळे लोक अपडेटला घाबरतात तेव्हा मी त्यांना अडाणी म्हणत नाही. त्यांच्या घाबरण्याला कारणं आहेत.

गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्याकडे हिरव्या रेघेचे फोन किती आले ते मोजायचं मी सोडून दिलं. रात्री अपडेट लावला, सकाळी स्क्रीनवर वरून खालपर्यंत उभी हिरवी रेघ. अपडेटमुळेच झालं, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. डिस्प्ले आधीच कमजोर असेल, अपडेटच्या वेळी तापून गेला असेल. पण वीस-बावीस हजारांचा फोन घेतलेल्या मुलाला सोलापूरच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन यायला एक दिवस मोडावा लागतो, आणि तिथे 'वॉरंटी संपली, डिस्प्लेचे अकरा हजार' हे ऐकून तो परत येतो. काही कंपन्यांनी काही मॉडेलना फुकट डिस्प्ले बदलून दिले, हेही खरं. कोणत्या मॉडेलना, कधीपर्यंत, हे ज्याला इंग्रजी फोरम वाचता येतात त्यालाच कळलं.

'अपडेट केलं की फोन स्लो होतो', हे वाक्य मी रोज ऐकतो. पूर्वी हसायचो. मग २०१८ च्या ऑक्टोबरात इटलीच्या सरकारी यंत्रणेने अशा अपडेटवरून ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केल्याचं वाचलं. २०२० मध्ये फ्रान्सने ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड केला. जुन्या आयफोनचा वेग अपडेटने कमी होतो हे ग्राहकांना सांगितलं नाही म्हणून. बॅटरी म्हातारी झाली की फोन अचानक बंद पडू नये म्हणून वेग उतरवला, असं कंपनीचं म्हणणं होतं आणि त्यात तथ्यही आहे. पण मग तसं सांगायचं ना आधी! तेव्हापासून कुणी 'स्लो झाला' म्हटलं की मी गप्प बसून बॅटरी तपासतो.

जागेचा प्रश्न तर विचारूच नका. ३२ जीबीच्या फोनमध्ये निम्मी जागा सिस्टीमच खाऊन बसलेली असते. त्यात अपडेट म्हणतो, तीन जीबी मोकळी करा. एका वारकरी बाबांच्या फोनमध्ये वाखरीच्या रिंगणाचे व्हिडिओ होते, चार वर्षांचे. मी म्हटलं, बाबा, हे दोन काढले की बसेल अपडेट. त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "त्ये नको काढू. अपडेट ऱ्हाऊ दे." मी तरी काय बोलणार?

आणि वेळ. गेल्या जुलैत पीक विम्याच्या फॉर्मसाठी दुकानाबाहेर चाळीसेक माणसं सातबारा घेऊन उभी होती. पोर्टल आधीच रडतखडत चाललेलं. मशीनने अपडेटची आठवण आदल्या आठवड्यापासून काढली होती आणि मी ती पुढे ढकलत होतो, हे कबूल. पण ढकलायची मुदत त्याच दुपारी संपली आणि न विचारता मशीन रिस्टार्ट झालं. गोल फिरणारे ठिपके, २७ टक्के, 'संगणक बंद करू नका'. बाहेरून आवाज, "काय झालं ओ?" ४० टक्के. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. माझी बॅटरी दहा मिनिटांच्या वर टिकत नाही. ६१ टक्क्यांवर सगळं काळं. लाइट आल्यावर मशीन म्हणालं, बदल पूर्ववत करत आहोत. यात दीड तास गेला. शेवटची दोन माणसं मुक्कामी गाडी चुकवून माझ्याच दुकानात बसून राहिली. ज्याने हा अपडेट बनवला त्याच्या गावात लाइट जात नसावी.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक एका झटक्यात आडवे केले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. विमान कंपन्यांकडे निदान हाताने लिहायला माणसं होती.

या सगळ्या गोंधळात भामट्यांचं फावतं. 'पीएम किसान' नावाची एपीके फाइल (म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल), 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाइल, 'ॲप बंद होईल, आजच अपडेट करा' असा व्हॉट्सॲप मेसेज. गेल्या वर्षी एका शिक्षिकेचे असेच ४२ हजार गेले. त्या शिकलेल्या बाई आहेत. त्या म्हणाल्या, "सगळेच सांगतात अपडेट करा, म्हणून केलं." खरा अपडेट कुठून येतो आणि खोटा कुठून, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. खरा अपडेट मराठीत आला तरी तो 'पॅच स्तर' आणि 'बिल्ड क्रमांक' असल्या भाषेत येतो. खोटा मात्र चांगल्या सोप्या मराठीत येतो.

आता मूळ मुद्द्याकडे. काकांच्या फोनचं जे झालं, त्याची गोम घड्याळात आहे. अपडेटचं घड्याळ ग्राहक खोकं उघडतो त्या दिवशी सुरू होत नाही. मॉडेल बाजारात आलं त्याच दिवशी ते चालू झालेलं असतं. तेच मॉडेल पुढे दोन-तीन वर्षं विकलं जातं, किंमत उतरत जाते, आणि जितका गिऱ्हाईक गरीब तितका तो उशिरा, स्वस्तात, उरलंसुरलं आयुष्य विकत घेतो.

गुगल अँड्रॉइडच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१५ च्या ऑगस्टपासून दर महिन्याला जाहीर करतं. त्यातल्या बऱ्याचशा थेट काकांच्या फोनवर येत नाहीत. चिप बनवणारा आपल्या भागाची दुरुस्ती देतो, मग फोनची कंपनी ते सगळं प्रत्येक मॉडेलला बसवून, तपासून पाठवते. या साखळीत एकाने हात वर केला की संपलं. महाग फोनसाठी कुणी हात वर करत नाही: गुगलने २०२३ च्या ऑक्टोबरात पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या जानेवारीत गॅलॅक्सी एस२४ ला ७ वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलं. चांगलंच आहे. पण असला फोन घेणारा बार्शीतला माणूस तो तीन वर्षांत बदलतो, हे मी पाहतोय. सात वर्षं फोन रेटणारा माणूस दहा हजारांचा घेतो, आणि त्याला मिळतात दोन-तीन वर्षं, तीही आधीच अर्धी सरलेली.

संगणकाचंही तेच. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो, त्यामुळे साधारण २०१८ च्या आधीचे बरेचसे संगणक, चांगले चालू असूनही, बाहेर. विंडोज १० ला आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळायची सोय कंपनीने ठेवली. पण युरोपातल्या घरगुती ग्राहकांना ती मोफत, नुसतं मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की झालं. आपल्याकडे मोफत हवी तर सेटिंग्जचा बॅकअप कंपनीच्या क्लाउडवर द्या, नाहीतर कंपनीचे बक्षीस पॉइंट खर्च करा, नाहीतर ३० डॉलर मोजा. युरोपवाल्यांनी भांडून घेतलं. आपल्या वतीने कोण भांडलं, ते मला कुठे वाचायला मिळालं नाही.

तुमचा विभाग काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. २४ डिसेंबर २०२२ ला तुम्ही दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलंत. आमच्यासारख्या कंपनीबाहेरच्या दुरुस्तीवाल्याला सरकारने प्रथमच माणसात धरलं. २०२४ च्या सप्टेंबरात तुम्ही दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण ठरवण्यासाठी, समिती नेमलीत, २०२५ च्या मे महिन्यात तिचा अहवाल आला. गुण देताना फोन उघडायला किती सोपा, सुटे भाग मिळतात का, यांच्या जोडीला सॉफ्टवेअर अपडेटही धरलेत. ते वाचून मी दुकानातल्या पोराला चहा पाजला. मग पुढचं वाचलं: हे गुण कंपनीने आपले आपणच द्यायचे, आणि खोक्यावर ते क्यूआर कोडमध्ये. आता क्यूआर स्कॅन करायला चालू फोन लागतो, आणि माणूस तर फोन घ्यायला आलेला असतो. शिवाय पाचपैकी साडेतीन गुण म्हणजे काकांनी काय समजायचं? त्यांना महिना आणि वर्ष कळतं. माझ्या कपाटातल्या एकाही खोक्यावर ते गुणसुद्धा मला अजून दिसलेले नाहीत.

तर मागण्या अशा आहेत.

पहिली, आणि हीच मुख्य. पॅकबंद वस्तूंच्या नियमांत एक ओळ वाढवा. प्रत्येक मोबाईल, टॅबलेट आणि संगणकाच्या खोक्यावर, एमआरपीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: 'सुरक्षा अपडेट अमुक महिना, अमुक वर्षापर्यंत.' ऑनलाइन विक्रीच्या पानावरही किमतीच्या खालीच. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तूंच्या कंपन्यांना अशी मुदत जाहीर करावीच लागते. त्याच कंपन्या तिथे सांगतात, इथे सांगायला काय अडचण आहे?

दुसरी. मुदत मॉडेलची विक्री थांबल्यापासून मोजा. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी असाच नियम केला, विक्री थांबल्यापुढे किमान ५ वर्षं. त्या नियमाच्या शब्दांत पळवाट आहे, अपडेट दिलेच तर इतकी वर्षं द्या, असा त्याचा अर्थ काढता येतो. आपल्याकडे लिहिताना ती ठेवू नका. पाच वर्षं जड वाटत असतील तर तीन करा, पण घड्याळ शेवटच्या खोक्यापासून चालू द्या.

तिसरी. मुदत संपलेल्या फोनने 'अद्ययावत आहे' म्हणायचं नाही. स्वच्छ मराठीत, किंवा ज्या भाषेत फोन लावलाय त्या भाषेत म्हणायचं: या फोनला आता सुरक्षा अपडेट येणार नाहीत. सहा महिने आधीपासून सांगायचं.

सुरक्षेची दुरुस्ती आणि नवी सजावट वेगळी ठेवा, ही चौथी. नवे आयकॉन, न मागितलेली ॲप्स, एआयची बटणं नको असतील तर नको म्हणता यावं आणि तरी भोक बुजावं. किती जीबी लागेल, किती वेळ मशीन अडकेल, हे बटण दाबायच्या आधी कळावं. अपडेटनंतर ठरावीक दिवसांत डिस्प्ले किंवा बोर्ड गेला तर तो अपडेटने गेला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. गिऱ्हाइकाला ते शक्य नाही आणि मलाही नाही. बोर्ड उघडून मी एवढंच सांगू शकतो की तो जळालाय.

पाचवी बँकांच्या आणि सरकारी ॲप्सच्या बाबतीत, ती तुमच्या एकट्याच्या हातात नाही, तरी संबंधितांना कळवा. जुने फोन बंद करताना निदान सहा महिने आधी नोटीस द्या आणि दुसरा रस्ता त्याच पडद्यावर दाखवा. साध्या फोनवरून *९९# लावून पैसे पाठवता येतात, हे त्या काकांना बँकेने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

आणि विंडोज १० ची सोय युरोपातल्या ग्राहकाला जशी मिळते तशी भारतातल्या ग्राहकाला का नाही, हे तुमच्या विभागाने एका ओळीच्या पत्राने विचारावं. उत्तर काय येईल ते येईल, विचारलं तर पाहिजे.

कंपन्या म्हणतील, खर्च वाढेल, स्वस्त फोन महाग होतील. दोन-तीनशे रुपये वाढतीलही. काकांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "आधी सांगितलं असतंस तर दुसरा घेतला असता."

तुमचा नियम येईपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू केलंय. कपाटातल्या प्रत्येक फोनची मुदत कंपनीच्या साइटवर शोधतो आणि खोक्यावर पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहितो. जिथे सापडत नाही तिथे 'कंपनीने सांगितलं नाही' असं लिहितो; अशा पट्ट्या बऱ्याच झाल्यात. परवा कॉलेजातली एक मुलगी आईला घेऊन आली. एक फोन पसंत केला, पैसेही काढले, मग पट्टी वाचली: अपडेट ऑगस्ट २०२६ पर्यंत. तिने खोकं परत काचेवर ठेवलं आणि विचारलं, "याच्या पुढच्या तारखेचा आहे का?" माझ्याकडे नव्हता.

कळावे,

आपला,
मोबाईल व कॉम्प्युटर दुरुस्ती करणारा एक दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर